आधी पक्कं करा

गणित जमत नाही, हे लोक हसत हसत सांगतात. गाता येत नाही, पोहता येत नाही, नवीन गावात रस्ते लक्षात राहत नाहीत, हेही सांगून टाकतात. पण ‘मला विनोद कळत नाही’ असं स्वतःहून कबूल करणारा माणूस शोधून सापडायचा नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६१ च्या आपल्या पुस्तकात एक आकडा नोंदवून ठेवला आहे: विचारलेल्यांपैकी ९४ टक्के लोकांनी आपली विनोदबुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून वरची असल्याचं सांगितलं. उरलेल्या सहा टक्क्यांना भेटायला मला फार आवडेल. त्यांतले निम्मे तरी विचारणाऱ्याची फिरकी घेत असणार.

कन्नड तालुक्यातल्या पिशोरला हीच पाहणी केली, तर आकडा शंभराच्या खाली उतरेल असं वाटत नाही. चहाच्या टपरीवर बसलेल्या कुणालाही विचारा, त्याच्या मते विनोद त्यालाच कळतो आणि शेजारी बसलेल्याला कळत नाही. शेजाऱ्याचं मत नेमकं उलटं. आता यातलं खरं कोण, हे ठरवायचं कसं? मानसशास्त्रातली काही हुशार माणसं गेली कित्येक वर्षं याच प्रश्नाच्या मागे आहेत. त्यांनी शोधलेल्या पट्ट्या बघताना मला पुन्हा पुन्हा अचंबा वाटतो. त्या चुकतात तेव्हा तर जास्तच.

सगळ्यात धाडसी पट्टी कॉर्नेल विद्यापीठातली. जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग यांचा १९९९ चा शोधनिबंध आज जगभर माहीत आहे. ज्याला काम येत नाही, त्याला आपल्याला ते येत नाही हेही कळत नाही, असं त्याचं सार सांगतात. पण त्यातला पहिलाच प्रयोग विनोदाचा होता, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. त्यांनी तीस विनोद निवडले आणि विनोदावरच पोट असलेल्या आठ कलाकारांना पाठवले. एक ते अकरापैकी गुण द्या, म्हणाले. मग तेच विनोद ६५ विद्यार्थ्यांना दिले. ज्याचे गुण कलाकारांच्या गुणांशी जुळतील त्याला विनोद कळतो, ज्याचे जुळणार नाहीत त्याला कळत नाही, असा हिशेब. शिवाय प्रत्येकाला विचारलं की खालून मोजलं तर शंभरात तुझा नंबर कितवा लागेल असं तुला वाटतं? सरासरी विद्यार्थ्याने स्वतःला ६६ वर बसवलं. जे सगळ्यात तळाच्या चौथाईत होते, त्यांची खरी जागा शंभरात १२ वी होती, म्हणजे जेमतेम बारा जण त्यांच्या मागे. त्यांना स्वतःला मात्र आपण ५८ वर आहोत असं वाटत होतं.

या प्रयोगातला मला सगळ्यात आवडणारा माणूस विद्यार्थ्यांमधला नाही. त्या आठ कलाकारांपैकी एकाचे गुण बाकी सातांशी अजिबात जुळेनात. संशोधकांनी त्याला यादीतून काढलं आणि सातांच्या सरासरीवर काम चालवलं. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं ते योग्यच होतं. पण हा माणूस लोकांना हसवून घर चालवत होता! त्याला विनोद कळत नव्हता, की बाकी सातांना न दिसलेलं काही त्याला दिसत होतं? गणितात बरोबर उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेलं असतं. विनोदाचं बरोबर उत्तर सात जणांनी हात वर करून ठरवलेलं असतं.

सात का, मग सगळं जगच हात वर करू दे, असं ब्रिटनमधल्या रिचर्ड वाइजमन यांनी ठरवलं. २००१ मध्ये त्यांनी ‘लाफलॅब’ नावाचा प्रयोग इंटरनेटवर मांडला. लोकांनी विनोद पाठवायचे, इतरांनी त्यांना ‘गिगलोमीटर’वर एक ते पाच गुण द्यायचे. वर्षभरात चाळीस हजारांवर विनोद आले आणि गुणांची संख्या पंधरा लाखांच्या घरात गेली. एवढी माहिती हाताशी आल्यावर त्यातून निघालेले निष्कर्षही गमतीदार. इंग्रजीतल्या १०३ शब्दांच्या विनोदाला सर्वाधिक गुण. प्राण्यांत बदक सगळ्यात हसवणारं. वेळ म्हणाल तर संध्याकाळचे सहा वाजून तीन मिनिटं, तारीख महिन्याची पंधरावी. हे आकडे कुणी मनावर घेऊ नयेत, वाइजमन यांनीही घेतले नसावेत.

पहिला आलेला विनोद दोन शिकाऱ्यांचा आहे. पिशोरला तो सांगायचा तर शिकारी चालत नाहीत, त्याला मातीतला पोशाख चढवावा लागतो. तर ऐका. मक्यात रानडुकरं शिरतात म्हणून दोघं जण रात्री राखणीला गेले. मधेच एक जण धाडकन पडला. डोळे पांढरे, श्वास लागेना. दुसऱ्यानं घाईघाईनं १०८ ला फोन लावला. ‘डॉक्टर, दोस्त गेला ओ माझा! काय करू आता?’ पलीकडून शांत आवाज आला, ‘घाबरू नका भाऊ, मी सांगतो तसं करा. तो गेलाच आहे, हे आधी पक्कं करा.’ मग फोनवर थोडा वेळ शांतता. नंतर दगडाचा धप्पकन आवाज. पुन्हा फोनवर हा, ‘हां, केलं पक्कं. आता पुढं काय करू?’

सगळी गंमत ‘पक्कं करा’ या दोन शब्दांत अडकली आहे. डॉक्टरांच्या तोंडी त्यांचा अर्थ ‘खात्री करून घ्या’, ऐकणाऱ्याच्या डोक्यात ‘उरकून टाका’. वाक्य एका रुळावरून चाललेलं असतं, शेवटच्या क्षणी कळतं की ते दुसऱ्याच रुळावर होतं आणि तरीही नेमकं स्टेशनात आलं. अभ्यासक याला विसंगती आणि तिची उकल म्हणतात. दगडाचा आवाज आणि हसू यांमध्ये जो अर्ध्या क्षणाचा थांबा असतो, तेवढ्यात ऐकणाऱ्याचं डोकं मागे जाऊन ‘पक्कं करा’ पुन्हा वाचून येतं. हा थांबा पारावर बसूनसुद्धा दिसतो: एक जण लगेच हसतो, दोघं त्याच्या मागोमाग, आणि चौथा इतर हसताहेत म्हणून हसतो, मग दहा सेकंदांनी खरोखरच हसतो.

आता यातला अचंबा. हा विनोद आला कुठून, याचा माग वाइजमन यांनी काढला तेव्हा तो १९५१ मधल्या ‘गून’ नावाच्या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या एका प्रहसनापाशी जाऊन पोचला. त्या प्रहसनातही एक जण जमिनीवर पडलेला, दुसरा ‘नक्की गेलाय का बघ’ म्हणतो आणि गोळ्यांचा आवाज येतो. ते लिहिणारा बहुधा स्पाइक मिलिगन. हा मिलिगन १६ एप्रिल १९१८ रोजी जन्मला तो अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. वडील ब्रिटिश हिंदी सैन्यात, लहानपणाची वर्षं पुण्यात, शाळा तिथल्याच कॉन्व्हेंटमध्ये. पिशोरहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला नगरला पोचतो. तिथे जन्मलेल्या एका पोराच्या डोक्यातून निघालेली कल्पना अर्ध्या शतकानंतर जगानं पहिल्या नंबरला बसवली. निकाल ऑक्टोबर २००२ मध्ये लागला, मिलिगन त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला होता. आपल्या थडग्यावर ‘मी आजारी आहे असं सांगत होतो ना’ अशा अर्थाचं वाक्य कोरून घेणारा माणूस हा. या निकालावर तो काय बोलला असता, याचा अंदाज करण्यातही मजा आहे.

वाइजमन मात्र या विजेत्यावर फारसे खूश नव्हते. हा जगातला सर्वांत हसवणारा विनोद नसून सर्वांत मिळमिळीत विनोद असावा, असं त्यांनी पुढे लिहिलं: सगळ्यांना थोडं हसू येईल, पोट धरून कुणीच हसणार नाही. मला हे पटतं. ज्या विनोदावर पिशोरचा माणूस लोळतो, त्यावर लंडनचा माणूस कोरडा राहतो, आणि सरासरी काढली की दोघंही बाद होतात. मराठवाड्याला याचा उलटा पुरावाही ठाऊक आहे. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात ५२ माणसं एकट्यानं उभी केली, गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्यातला विनोद सरासरीचा नाही, थेट इथल्या बोलीचा आणि इथल्या माणसांचा आहे. तरी मुंबई-पुण्याची नाट्यगृहं त्यावर गडगडली. ते प्रेक्षक आमच्यासोबत हसत होते की आम्हाला हसत होते, हा प्रश्न मनात ठेवा. पुढे लागणार आहे.

झुरिक विद्यापीठातले विलिबाल्ड रूख यांनी वेगळी वाट धरली. कुणाला विनोद किती कळतो हे सोडा, कुणाला कसला आवडतो ते बघू, असं ते म्हणाले. त्यांच्या चाचणीत विनोदांचे तीन ढीग आहेत: उकल होणारे, उकल न होता तसेच लोंबकळत राहणारे निरर्थक, आणि चावट. प्रत्येक विनोदाला दोनदा गुण द्यायचे, एकदा किती हसू आलं म्हणून आणि एकदा किती नकोसा वाटला म्हणून. दुसरा प्रश्न फार हुशारीचा आहे. चावट विनोदावर एकच माणूस हसतोही आणि तोंडही वाकडं करतो, आणि दोन्ही खरं असतं. यातून निघालेली एक गोष्ट अशी की परंपरा सांभाळणाऱ्या, घडी विस्कटलेली न आवडणाऱ्या माणसांना उकल होणारे विनोद अधिक रुचतात, तर नव्या अनुभवांच्या मागे धावणाऱ्यांना निरर्थक विनोद चालतात. आमच्याकडे कीर्तनकार शेवटी सगळ्या गाठी सोडवून देतात म्हणून आजोबा खूश, आणि मोबाइलवरच्या शेंडा ना बुडखा अशा रील्सवर नातू लोळतोय. एका घरात दोन ढीग.

पण आज सर्वाधिक वापरली जाते ती प्रश्नावली. कॅनडातले रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ती प्रसिद्ध केली. ३२ विधानं, प्रत्येकाला एक ते सात गुण, त्यातून विनोदाच्या चार तऱ्हा निघतात. लोकांना जोडणारा विनोद, संकटात स्वतःला तोलून धरणारा विनोद, दुसऱ्याला बोचकारणारा विनोद, आणि इतरांनी आपलं म्हणावं म्हणून स्वतःलाच खाली पाडणारा विनोद. यातली मोठी गोष्ट ही की विनोद म्हणजे चांगलंच काहीतरी, हा भाबडेपणा तिनं मोडला. विनोदबुद्धी भरपूर असलेला माणूस त्रासदायकही असू शकतो, हे टोमणे खाल्लेल्या कुठल्याही सुनेला आधीच माहीत होतं. आता त्याला गुण पडतात एवढंच.

ही प्रश्नावली पिशोरला आणली की मात्र गंमत होते. कल्पना करा, अद्रकीचे भाव कोसळलेत. गेल्या वर्षी सोनं होतं, यंदा काढणीची मजुरी निघेना. पारावर एक म्हातारबाबा बसलेत. कुणी विचारलं, ‘काय बाबा, कसं काय?’ तर म्हणतात, ‘लई भारी. आतापर्यंत चहात अद्रक टाकत होतो. यंदापासून अद्रकीत चहा टाकायचा.’ सगळे हसतात. याला कुठल्या रकान्यात टाकायचं? बाबा स्वतःला सावरताहेत म्हणून दुसऱ्यात? चारचौघांचं ओझं हलकं करताहेत म्हणून पहिल्यात? की आपलं हसं करून घेताहेत म्हणून चौथ्यात? बाबांना विचारलं तर म्हणतील, ‘कामून येड्यासारखं विचारतो रे? अद्रक पाहिजे का सांग, दोन कट्टे घेऊन जा.’

दुसरी अडचण नात्यांची. प्रश्नावली धरून चालते की माणूस मित्रांमध्ये जसा असतो तसा तो असतो. आमच्याकडे थट्टा कुणाची करायची हे आधी नातं ठरवतं. दाजी आले की मेव्हण्यानं त्यांची खेचायलाच हवी. नाही खेचली तर दाजींनाच वाटतं, काहीतरी बिनसलंय. तोच मेव्हणा स्वतःच्या सासऱ्यासमोर मान खाली घालून बसतो, हूं का चूं नाही. दीर-भावजय, व्याही-व्याही, प्रत्येक जोडीचा परवाना वेगळा. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी अशा ‘थट्टेच्या नात्यां’वर १९४० मध्येच लिहिलं: इथे एकानं चिडवायचं आणि दुसऱ्यानं रागवायचं नाही, हा नियमच असतो. मग मेव्हण्याला ‘तुम्ही इतरांना चिडवता का’ असं विचारून सातपैकी गुण द्यायला लावले, तर तो कुणाला डोळ्यांसमोर धरून देणार? दाजींना की सासऱ्यांना? बोचकाऱ्याच्या रकान्यात त्याला सहा मिळाले तर तो खडूस ठरेल. प्रत्यक्षात तो फक्त चांगला मेव्हणा आहे.

प्रश्नावलीवर भरवसा ठेवताना अडखळणारा मी एकटा नाही. रूख यांनी एका सहकारी संशोधकासह १९९६ मध्ये अशा कितीतरी प्रश्नावल्या एकत्र तपासल्या. माणूस स्वतःबद्दल कागदावर जे लिहितो, त्याचा आणि समोर विनोद ठेवल्यावर किंवा विनोद करायला लावल्यावर तो जे करतो त्याचा संबंध त्यांना फारच क्षीण दिसला.

कागद खोटं बोलतो तर चेहरा वाचा, असंही काहींनी म्हटलं. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या एकेका हालचालीला क्रमांक दिला. खरं हसू ओळखण्याची खूण त्याही आधीची, १८६२ मधली, फ्रेंच वैद्य द्युशेन यांची: ओठांची टोकं कुणीही वर ओढील, डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र सहसा मनातलं हसू आल्याशिवाय आवळत नाही. हे वाचताना भरतमुनी आठवल्याशिवाय राहत नाहीत. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हसण्याच्या सहा पायऱ्या आहेत. स्मितात गाल किंचित फुलतात, दात दिसत नाहीत. हसितात दात थोडे दिसतात. विहसितात गोड आवाज येतो. उपहसितात नाकपुड्या फुगतात, नजर तिरकी होते. अपहसितात डोळ्यांत पाणी, खांदे आणि डोकं हलतं. अतिहसितात आवाज मोठा आणि दोन्ही हात कुशीवर. गाल, दात, आवाज, नाक, डोळे, खांदे, हात: निरीक्षणाची ही यादी आजच्या प्रयोगशाळेतही चालून जाईल. फक्त भरतानं एक पाऊल पुढे टाकलं आणि पहिल्या दोन पायऱ्या उत्तम माणसांना, मधल्या मध्यमांना आणि शेवटच्या अधमांना वाटून टाकल्या. या हिशेबानं आमचा अख्खा पार अधमात जातो. कुणाची तक्रार नाही.

तरी चेहराही पुरत नाही, कारण हसणं आणि विनोद यांचं लग्न आपण समजतो तितकं घट्ट नाही. अमेरिकेतले रॉबर्ट प्रोव्हाइन बाजारांत, विद्यापीठाच्या आवारात कान देऊन हिंडले आणि हसण्याचे बाराशे प्रसंग टिपले. त्यांत हसण्याच्या आधीचं वाक्य थोडंफार तरी विनोदी होतं असे प्रसंग जेमतेम दहा ते वीस टक्के. बाकीच्या वेळी लोक ‘बरं, निघतो आता’ छापाच्या वाक्यांवर हसत होते. त्यातही ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त. आपल्याकडे हाच शोध वेगळ्या रस्त्यानं लागला. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. रोज विनोद सांगून हसायचं. दोनेक आठवड्यांत विनोद संपले, उरलेले चावट निघाले, लोक कुरकुरायला लागले. मग विनोद काढूनच टाकला. नुसतंच हसायचं ठरलं आणि क्लब जगभर पसरले.

आता मघाचा प्रश्न: आपल्यासोबत हसताहेत की आपल्याला? काही माणसांच्या मनात हा प्रश्न कधी बंदच होत नाही. दुकानात कुणी हसलं, आपल्यालाच. एसटीत मागच्या सीटवर दोघं हसले, आपल्याच कपड्यांवर. जर्मनीतले मानसोपचारतज्ज्ञ मिखाएल टिट्झे यांना अशी माणसं उपचारांसाठी येताना दिसली. रूख आणि रेने प्रोयर यांनी अशा माणसांसाठी पंधरा विधानांची पट्टी तयार केली आणि २००९ मध्ये तिची ७३ देशांतली पाहणी प्रसिद्ध झाली. लोक आपल्याला हसतील ही भीती सगळीकडे कमीजास्त सापडली.

माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली ही सगळ्यात मोलाची पट्टी. रूख, प्रोयर आणि त्यांच्या एका सहकारी संशोधकानं हेही तपासलं की अशा माणसांची विनोदबुद्धी खरंच कमी असते का. त्यांना स्वतःला विचारलं तर उत्तर ठरलेलं: आम्हाला कुठलं जमायला, आम्ही लोकांना हसवू शकत नाही. मग त्यांच्यापुढे व्यंगचित्रं ठेवली, खालची ओळ काढून टाकलेली. सुचेल तेवढ्या ओळी लिहा, म्हणाले. लिहिलेल्या ओळींना गुण दुसऱ्यांनी दिले. लोक हसतील ही भीती जास्त असलेल्यांच्या ओळी इतरांपेक्षा कमी गमतीदार निघाल्या नाहीत. कॉर्नेलमधल्या तळाच्या पोरांना आपण ५८ वर आहोत असं वाटत होतं. इथे ओळी चांगल्या लिहिणारी माणसं हात वरच करत नव्हती. पिशोरच्या पारापासून दोन हात लांब, सगळ्यांच्या मागे उभा राहून ऐकणारा, कधीच काही न बोलणारा एखादा असतो. त्याच्या हाती कुणी अजून कागद दिलेला नाही.